आरोग्याचा संदेश आणि ऐकणाऱ्याचा मान

सोलापूर हे बहुभाषिक शहर आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ काय याचा विचार करणेच आपण सोडून दिले आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांत चालतात. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटच्या वाटेला लागले की कन्नड सुरू होते, आणि मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांची नावे एका दमात घेतली तरी या शहराची वीण लक्षात येते. पण याच शहरात साथ आली किंवा लसीकरणाची मोहीम निघाली की सर्वांसाठी एकच भित्तिपत्रक तयार होते. फार तर त्याची दोन-तीन भाषांतरे होतात. मोहिमेला प्रतिसाद कमी मिळाला तर कारणेही ठरलेली असतात : जागृतीचा अभाव, अशिक्षितपणा, धार्मिक गैरसमज.

आमच्या मनात प्रश्न येतो तो इथेच. सांगणाऱ्याने सांगितले आणि ऐकणाऱ्याला कळले नाही, तर दोष कुणाचा? हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कार्यपद्धतीचा आहे, तसाच नीतीचाही आहे. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. पोलिओपासून जनगणनेपर्यंत आणि 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या पाहणीपर्यंत अनेक सरकारी कामांत दारोदार फिरणे शिक्षकाच्या वाट्याला येते. बी.एड. करताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचे सूत्र आम्हाला पाठ करायला लावले होते. वर्गातल्या बहुतेक मुलांना धडा कळला नाही, तर मुलांना दोष देण्याआधी शिक्षकाने आपले पाठ टाचण तपासावे, असे शिक्षणशास्त्र सांगते. मुलांच्या बाबतीत आपण जो नियम मानतो, तो त्यांच्या आई-वडिलांच्या बाबतीत का मानू नये?

आधी भाषेचे पाहू. मुसलमानांची वस्ती म्हटली की उर्दू पत्रक, असे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. मुळात ते अर्धेच खरे आहे. बार्शी, माढा, मोहोळकडच्या खेड्यांतला मुसलमान मराठीच बोलतो. कोकणातल्या मुसलमानाची बोली आणखी वेगळी. माणसाचा धर्म कळला म्हणजे त्याची भाषा कळली असे होत नाही, ही गोष्ट मराठी मुस्लिम लेखक किती वर्षांपासून सांगत आले आहेत. शहरातल्या मोहल्ल्यात उर्दू चालते हे खरे, पण ती कोणती उर्दू? घरातली बाई 'शक्कर की बीमारी' म्हणते, 'बीपी बढ्या' म्हणते, 'टीबी' म्हणते. पत्रकात मात्र 'ज़ियाबीतस', 'फ़िशार-ए-ख़ून' आणि 'तपेदिक' असे छापलेले असते. संसर्गजन्य रोगांना 'मुतअद्दी अमराज़' म्हणतात, हे आमच्या आठवीच्या मुलांनाही परीक्षेपुरतेच माहीत असते. दिल्ली-लखनौच्या वळणाची ही ग्रांथिक भाषा आम्हालाही प्रिय आहे. आम्ही ती शिकवतो, तिच्यावर पोट भरतो. पण तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईला ती ऐकवणे म्हणजे तिला नम्रपणे दाराबाहेर ठेवणे होय. मराठी पत्रकांचेही वेगळे नाही. 'प्रतिबंधात्मक उपाययोजना' आणि 'वैयक्तिक स्वच्छता राखावी' ही भाषा कोणत्या घरात बोलली जाते?

त्यातही साक्षरता म्हणजे काय, हे आपल्या समाजात जरा बारकाईने पाहावे लागते. आमच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आज्या आणि खाला कुरआन शरीफ सुंदर वाचतात. अक्षर त्यांना ओळखू येते, उच्चार बिनचूक असतो. पण ती अरबी आहे, तिचा अर्थ त्यांना कुणी शिकवलेला नाही, आणि उर्दूचे नस्तालीक वळण वाचताना त्या अडखळतात. त्यांना साक्षर म्हणायचे की निरक्षर? वाचता येणे आणि कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणत्या समाजाला ठाऊक असेल! तिलावतीचा सवाब अर्थ न कळताही मिळतो, अशी श्रद्धा आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण औषधाची चिठ्ठी सवाबासाठी वाचायची नसते. तिथे अर्थच कळायला हवा.

मग चित्रे काढा, असा सल्ला मिळतो. चित्राला भाषा लागत नाही, असा एक समज आहे. आम्हा उर्दूवाल्यांना तो चटकन खटकतो. आमचे मूल वही उजवीकडून उघडते, ओळ उजवीकडून डावीकडे वाचते. आता तीन चित्रांची पट्टी घ्या : डावीकडे आजारी मूल, मध्ये औषध, उजवीकडे हसणारे मूल. मराठी पत्रकाचे उर्दू करताना मजकूर बदलतो, चित्रांचा क्रम तोच राहतो. मग उजवीकडून वाचणाऱ्याला त्या पट्टीचा अर्थ असा लागतो की, हसत्या-खेळत्या मुलाला औषध पाजले आणि ते आजारी पडले. लसीबद्दल ज्याच्या मनात आधीच किंतु आहे, त्याला आणखी काय हवे? चित्रावर मारलेली फुली म्हणजे 'हे करू नका', हेही शाळेत शिकलेल्यालाच कळते. फुलीचा अर्थ जन्मतः कुणालाच ठाऊक नसतो.

याचे मोठे उदाहरण आपल्या देशाने पाहिले आहे. 31 मे 2009 पासून तंबाखूच्या पाकिटांवर चित्ररूप इशारे छापणे सक्तीचे झाले. धूरविरहित तंबाखूच्या पुडीवर तेव्हा विंचवाचे चित्र होते. विंचू विषारी, तशी तंबाखू विषारी, असे त्यामागचे गणित. पण पुडीवरचे चित्र हे त्या मालाचे छाप असते, असे माणूस लहानपणापासून शिकलेला असतो. कुठे वाघ छाप, कुठे मोर छाप, तसा हा विंचू छाप. उपमा ही कवीची गोष्ट आहे, आणि ती कळायला उपमा देणारा व ऐकणारा एकाच अनुभवातून गेलेले असावे लागतात. डिसेंबर 2011 पासून विंचू गेला आणि तोंडाच्या कर्करोगाची चित्रे आली. त्यानंतर पुडी काय सांगते आहे हे विचारावे लागले नाही.

तंबाखूचा विषय निघाला तर सोलापुरात विडीपाशी थांबावेच लागते. हजारो बाया या धंद्यात आहेत. तेलुगू, मराठी, मुस्लिम सगळ्याच. कुंभारीला 2006 साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला, यावरून या कष्टकरी वर्गाचा आकार लक्षात यावा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी झोपलेले तान्हे मूल. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटीन बोटांच्या त्वचेतून शिरते. विडीच्या बंडलावरचा इशारा मात्र ओढणाऱ्यासाठी असतो. वळणाऱ्या बाईच्या हातून बंडलामागून बंडल जातात, पण तिला उद्देशून त्यावर एक अक्षर नसते. शिवाय तिला 'तंबाखू खाता का?' असे विचारले तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण मशेरी लावणे हे तिच्या लेखी तंबाखू खाणे नव्हे, ते दात घासणे आहे. ती खोटे बोलत नाही. प्रश्नच तिच्या जगात तयार झालेला नाही. आणि समजा कुणी तिला सगळे नीट सांगितले, तर ती विचारील, 'हौ बाजी, मान्या. फिर मैं क्या करूँ? विडी छोडूँ तो चूल्हा कैसा जलींगा?' या प्रश्नाला पत्रकात जागा नसते. तोंडाला फडके बांधा, काम संपल्यावर साबणाने हात धुऊन मगच मुलाला घ्या, तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नका, दारे-खिडक्या उघड्या ठेवून बसा, एवढे तरी तिच्या हातातले आहे. जे तिच्या हातात आहे ते सांगणे हे खरे आरोग्यशिक्षण. जे तिच्या हातात नाही ते सांगून तिलाच दोषी ठरवणे याला उपदेश म्हणतात.

म्हणजे गाठ नुसती भाषेची नाही, जगण्याची आहे. रक्तक्षयाच्या तक्त्यात पालक, बीट, खजूर, शेंगदाणे असतात. चांगलेच आहे. पण आमच्या घरांत आठवड्यातून एकदा तरी येणारी कलेजी त्या चित्रात बहुधा नसते. कलेजीतले लोह भाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. या दोन गोष्टी दखनीत सांगायला दोन मिनिटे लागतात. ज्या ताटात बाईला आपले जेवण दिसत नाही, ते ताट तिला आपले वाटत नाही. तीच गोष्ट रमजानची. 'सकाळी नाश्त्यानंतर, दुपारी जेवणानंतर' असे लिहिलेली गोळी रोजादाराने कधी घ्यायची? 'रोजे ठेवू नका' असे एका वाक्यात सांगितले की मधुमेही म्हातारा मान डोलावतो, घरी येऊन रोजा ठेवतो आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करतो. पुढच्या वेळी तो डॉक्टरला खरे सांगत नाही. महिना-दोन महिने आधी त्याला विचारले, सहरी-इफ्तारच्या वेळांशी औषध जुळवता येईल का ते पाहिले, बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे हे सांगितले, आणि इन्सुलिनवर असलेल्या किंवा ज्याची साखर एकदम खाली जाते अशा माणसाला आजाऱ्यासाठी शरीयतनेच सवलत ठेवली आहे याची आठवण दिली, तर त्याचे औषधही चालू राहते आणि इमानही दुखावत नाही.

स्त्रियांच्या आजारांची पत्रके चौकातल्या भिंतीवर लावण्याची पद्धतही अशीच. स्तनाच्या गाठीची माहिती देणारे चित्र रस्त्यावर असेल तर ज्या बाईला ते पाहायची गरज आहे तीच तिथून मान खाली घालून निघून जाते. तिला लाज वाटते हा तिचा मागासलेपणा आहे, असे म्हणून आपण सुटू शकतो. पण तेच चित्र बंद खोलीत, बायकांच्या बैठकीत, एखाद्या नर्सबाईच्या हातात असेल तर तीच बाई दहा प्रश्न विचारते. चित्र वाईट नव्हते, भिंत चुकीची होती.

इथवरच्या गोष्टी कौशल्याच्या आहेत. त्याहून अवघड गोष्ट विश्वासाची. पल्स पोलिओ देशात 1995 साली सुरू झाले. 2002 साली उत्तर प्रदेशात मोठी साथ आली, आणि तिच्यात मुस्लिम मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होते. डोसामुळे मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी अफवा होती. आपल्याकडे मालेगावात 2010 साली पोलिओचे रुग्ण आढळले. या अफवेला हसणे सोपे आहे. ती खोटी होती यात शंकाच नाही. पण ती नेमकी नसबंदीचीच का होती, हे कुणी विचारले का? 1976 साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण आणीबाणीत देशभर जे झाले ते लोकांच्या आठवणीत राहिले. वस्तीत नळ नाही, गटार नाही, दवाखाना नाही आणि एका थेंबासाठी मात्र सरकार वारंवार दाराशी येते, याचा गरीब माणसाला संशय आला तर तो केवळ अज्ञानाचा प्रकार नव्हे. वारंवार डोस का द्यावा लागतो, हे त्याला कुणी समजावून सांगितले नव्हते. घाणीच्या, दाटीच्या वस्तीत मुलांना सतत जुलाब होतात, त्यामुळे तोंडावाटे दिलेली लस आतड्यात नीट लागू पडत नाही आणि म्हणून अधिक डोस लागतात, हे सरळ कारण होते.

परिस्थिती बदलली ती दुप्पट पत्रके छापून नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द या संस्थांना बरोबर घेतले गेले, इमामांनी मशिदीतून सांगितले, आणि मुख्य म्हणजे त्याच गल्लीतल्या बाया घरोघर जाऊन बोलल्या, शिव्या ऐकल्या, पुन्हा गेल्या. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे यश आपले सर्वांचे आहे. पण विश्वास एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे नसते. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळांतून सुरू झाली तेव्हा जुन्याच अफवा मोबाइलवरून नव्याने फिरल्या. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ आली आणि मुले दगावली. या काळात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. अफवा नेहमी घरच्या बोलीत येते, ओळखीच्या आवाजात येते, 'अपने भाई-बेटे समझकर बोल रहा हूँ' असे म्हणत येते. सत्य मात्र सही-शिक्क्यानिशी, अनोळखी भाषेत येते. मग लोक कुणावर विश्वास ठेवतील?

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येऊ. लोकांच्या भाषेत, लोकांच्या श्रद्धेला धरून सांगायचे, हे मान्य. पण ते कशासाठी? त्यांना कळावे म्हणून, की त्यांनी ऐकावे म्हणून? वरवर हे एकच वाटते, पण तसे नाही. कळलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो. ज्याला नुसते वळवायचे असते, त्याच्या 'नाही'ला आपल्या योजनेत जागाच नसते. इमामसाहेबांना मोहिमेच्या दिवशी बोलवायचे, एखादी हदीस पत्रकावर छापायची आणि काम झाले की वर्षभर मोहल्ल्याकडे फिरकायचे नाही, हा धर्माचा आदर नसून वापर आहे. इमामालाही आधी सर्व समजावून दिले पाहिजे, त्याच्या शंकांची उत्तरे दिली पाहिजेत आणि त्याला स्वतःला पटले तरच त्याने बोलावे. नाहीतर आपण एकाच्या न कळलेपणावर हजारांचे न कळलेपण रचतो.

संमतीच्या कागदाचेही तसेच आहे. रुग्णालयात नातेवाइकाचा अंगठा घेतात तेव्हा कागदावर काय लिहिले आहे हे अनेकदा ना त्याला माहीत असते, ना घाईत असलेल्या कर्मचाऱ्याला सांगायला सवड असते. असा अंगठा कायद्याला चालत असेल, नीतीला चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांतील गोवर-रुबेला मोहिमेबाबत निर्णय देताना पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही आणि त्यांना लसीच्या दुष्परिणामांसह माहिती द्यावी, असे सांगितले. काहींना हा मोहिमेतला अडथळा वाटला. आम्हाला ती मोहिमेची खरी सुरुवात वाटते. 'काही होत नाही' असे सांगून दिलेल्या सुईनंतर मुलाला ताप आला, की आईचा विश्वास पुढच्या दहा वर्षांसाठी जातो. 'एखाद-दोन दिवस ताप येऊ शकेल, अंगावर थोडे पुरळ येऊ शकेल, घाबरू नका, अमुक झाले तर मात्र लगेच घेऊन या' असे आधी सांगितलेल्या आईला तोच ताप आला तर सांगणाऱ्याचे शब्द खरे ठरल्यासारखे वाटतात. सोपे करून सांगणे आणि लपवून सांगणे यांत हा फरक आहे. शब्द कमी करावेत, सत्य कमी करू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, साथीच्या धामधुमीत एवढा वेळ कुठून आणायचा? उत्तर असे की, साथीत पेरून साथीत उगवत नाही. विश्वास आधीच्या शांत काळात पेरावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुसलमानांसाठी वेगळे पत्रक, पद्मशालींसाठी वेगळे, लिंगायतांसाठी वेगळे, असे करत गेलो तर आपण समाजात भिंतीच उभ्या करणार नाही का? भीती खोटी नाही. 2020 साली करोनाच्या पहिल्या महिन्यांत एका समाजाकडे रोगाचे कारण म्हणून बोट दाखवले गेले, त्याची झळ भाजीच्या गाडीवाल्यापर्यंत पोहोचली होती. 'अमुक वस्तीसाठी विशेष मोहीम' हे शब्दही वस्तीच्या कपाळावर शिक्का मारू शकतात. म्हणून वेगळेपण सांगण्याच्या रीतीत असावे, सांगण्याच्या गोष्टीत नसावे. सत्य सर्वांना एकच, पूर्ण आणि एकाच वेळी मिळावे. दार मात्र ज्याच्या-त्याच्या घराचे वाजवावे. आणि गरजेचा निकष धर्म नव्हे तर भाषा, वाचन आणि रोजचे जगणे हा असावा. वर सांगितलेली विडी वळणारी बाई मुसलमान असो की पद्मशाली, तिचा खोकला एकच आहे.

हे अशक्य आहे असेही नाही. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना एक अडचण पाहिली : बाळाचे श्वास मोजायचे, पण गावातल्या सुइणींना बारापुढे मोजता येत नव्हते. सुइणींना दोष न देता त्यांनी मण्यांची एक चौकट आणि एका मिनिटाची वाळूची घडी बनवली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा. शेजारच्या बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या काळात एक कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना जुलाबावरचे मीठ-गुळाचे पाणी शिकवले. चमचा आणि लिटर घरात नव्हते, म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे माप ठरवले. अर्ध्या शेराची खूण आईच्याच भांड्यावर करून दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकवणाऱ्या बाईचा मोबदला, नंतर जाऊन तपासल्यावर आयांना किती आठवते आणि किती नीट करता येते, यावर ठरे. शिकणाऱ्याला आले तर शिकवणाऱ्याला पगार! हा नियम आम्हा शिक्षकांना लावला तर काय होईल, हा विचार गमतीचा आहे तसाच झोप उडवणाराही आहे. पुढे बायांना कृती येते पण घरात वापर होत नाही असे दिसले, तेव्हा पुरुषांशी बोलणे सुरू झाले, मशिदींत सभा घेतल्या गेल्या.

आपल्या दखनच्या मातीला तर ही रीत नवी नाही. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात सतराव्या शतकात सूफींनी दखनीत 'चक्कीनामे' लिहिले. मोठमोठे ग्रंथ फारसीत होते, पण जात्यावर बसलेल्या बाईला फारसी कुठून येणार? म्हणून तत्त्वज्ञान जात्याच्या फेऱ्यात आणि चरख्याच्या सुरात आणले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत लिहिले. पैगंबर ज्या त्या कौमच्या भाषेतच बोलले, असे कुरआनच्या सूरह इब्राहीममध्ये सांगितले आहे. ईश्वराचा संदेश ऐकणाऱ्याची भाषा पाहून येत असेल, तर पालिकेचा संदेश का येऊ नये? आणि सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले. तिथे ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत रुग्णांशी बोलू लागले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. या शहरात त्यांचे स्मारक आहे. परक्या देशात रुग्णाची भाषा शिकणारा डॉक्टर या शहराने दिला, हे लक्षात ठेवले तर आपल्याच शहरातल्या रुग्णाची भाषा शिकणे फार मोठी मागणी ठरू नये.

अर्थात सगळा भार सरकारवर टाकून आपणही मोकळे होऊ शकत नाही. मोहल्ल्यातले शिकलेले लोक, शिक्षक, इमाम, नर्स, आशाताई, औषध दुकानदार, आपण सगळे त्या साखळीतले दुवे आहोत. अफवेचा निरोप पुढे पाठवण्याआधी थांबणे आपल्या हातात आहे. पत्रक छापण्याआधी ते मोहल्ल्यातल्या चार बायांना ऐकवावे आणि 'कळले का?' असे न विचारता 'आता तुम्ही मला सांगा' असे म्हणावे, एवढा आग्रह आपण धरू शकतो. 'कळले का' याला गरीब माणूस नेहमीच 'हौ' म्हणतो. तो भिडेचा 'हौ' असतो. तिने उलट सांगितलेले ऐकून मजकूर दुरुस्त करावा. विडी वळताना डोळे आणि हात गुंतलेले असतात पण कान मोकळे असतात, म्हणून कागदाऐवजी तिच्या बोलीतला दोन मिनिटांचा आवाज मोबाइलवर द्यावा. आमच्या नववी-दहावीच्या मुली हे काम उत्तम करतील. शाळेची उर्दू, बाजाराची मराठी आणि घरची दखनी या तिन्ही त्यांच्या जिभेवर आहेत. दुभाष्याचे हे काम त्या आजही दवाखान्याच्या रांगेत आईच्या शेजारी उभ्या राहून करतच असतात, फक्त त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही.

निरक्षर माणसाला बुद्धी कमी असते, हा समज आपल्या शिकलेल्या लोकांच्या मनात फार खोल आहे. जी बाई हजार विड्यांचा हिशोब तोंडी ठेवते, छाटलेल्या विड्यांवरून मुकादमाशी भांडते आणि भिशीचे पैसे पैशापर्यंत चोख लावते, तिला मीठ-साखरेचे माप कळणार नाही असे समजणे हा तिचा अपमान आहे. आणि तिला कारण न सांगता नुसता हुकूम देणे हा त्याच अपमानाचा दुसरा प्रकार. तिला सर्व काही सांगावे, तिच्या भाषेत सांगावे, तिचे प्रश्न संपेपर्यंत थांबावे आणि मग निर्णय तिचा मानावा. यात वेळ जाईल, पैसा जाईल, कधी तिचा नकारही पदरी पडेल. तो नकार ऐकून घेऊन पुन्हा तिच्या दाराशी जाण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच तिला आरोग्य शिकवायला जावे.